तिसऱ्या हाकेला ओ

१

चपला वाळूवर ठेवलेल्या होत्या. निळ्या पट्ट्यांच्या, डावीचा अंगठा तुटून परत शिवलेला. शिवायला जाळ्याचा नायलॉनचा दोरा वापरला होता आणि तो टाका काशीनं स्वतःच्या हातानं घातला होता, त्यामुळे ओळख पटवायची वेळच आली नाही. काशी मटकन खाली बसली आणि तिनं चपला पोटाशी धरल्या.

"साक्षी," तिनं खाडीकडे तोंड करून लेकीला हाक मारली. थांबली. परत मारली, परत थांबली. तिसरी मारायला मात्र तिचा आवाजच फुटेना.

आमच्या कोळीवाड्यात हाक तीनदा मारतात. पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही, दुसरीलाही नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणे. एरवी मी या गोष्टींना हसते. त्या सकाळी तिसरी हाक अडकली आणि माझ्या अंगावर काटा आला.

मी किशोरी. इथल्या हायस्कुलात पीटी शिकवते. कबड्डीचा संघ माझा, लेझीम पथक माझं, आणि सहलीला मुलांना बस लागली की पिशव्या धरायचं कामही माझंच. माहेर आणि सासर दोन्ही रेवदंड्यातलं. माझं तोंड फटकळ आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. खरं आहे, पण तिथं बोलण्यासारखं घडतंही बरंच.

साक्षी दहावीतली, आमच्या नाट्यमंडळाची नायिका. सोमवारी अलिबागला आंतरशालेय एकांकिका स्पर्धा. काल संध्याकाळी तालीम सुटली आणि पोरगी घरी आलीच नाही. रात्रभर सगळ्यांनी बॅटऱ्या घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. सकाळी नागावचा वॉटरस्पोर्टवाला अल्पेश स्पीडबोट घेऊन खाडीत शिरला, तेव्हा कोंडाजी नाखव्याची छोटी होडी दोर सुटून तिवरांत अडकलेली त्याला दिसली. ती त्यानं ओढत आणली आणि या चपला काशीपुढे ठेवल्या.

होडी कोंडाजीची, म्हणजे कुलदीपच्या बापाची. कुलदीप साक्षीच्याच वर्गातला, नाटकाचं ध्वनिसंयोजन सांभाळणारा. काल दोघं शाळेच्या फाटकाशी कडाकडा भांडली होती. "माझ्या होडीला हात लावशील तर बघ," असं तो ओरडला होता आणि ते अर्ध्या गावानं ऐकलं होतं.

"कुठं हाय तो कुलदीप?" साक्षीचा चुलता रतन म्हणाला. तो हळू आवाजात म्हणाला, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"आधी पोरीला शोधा," नाट्यमंडळाचे गणराज सर मध्ये पडले. रात्रभर जागून त्यांचे डोळे सुजले होते, तळहाताला रुमाल गुंडाळलेला होता. तिवरांत शोधताना खरचटलं म्हणाले. "दुपारी उधाण आहे. सगळ्यांनी समुद्राकडे चला. एकही माणूस मागे राहू नका."

ते खरंच होतं. अमावास्येचं उधाण, आणि पाणी चढायला लागलं होतं. ते ओसरताना हाती लागेल ते बाहेर ओढून नेणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. धडाधड होड्या लोटल्या गेल्या. मी मात्र मागे राहिले. कुलदीपला हवालदारानं मच्छीमार सोसायटीच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती, आणि रतनची दोन माणसं त्या दाराशी उभी होती. ती गप्पा मारायला आलेली नव्हती.

२

"बाई, मी काय न्हाय केलं," कुलदीप म्हणाला. कोपऱ्यात बर्फाच्या रिकाम्या पेट्यांमध्ये अंग चोरून बसला होता.

"मग भांडलास कशाला?"

"ती बोलली, होडीत बसून डायलॉग पाठ करते, मंग बरोबर वाटतंय. मी बोललो, दोर जुना हाय, सुटला तर? तर मला भित्रा बोलली." त्यानं नाक पुसलं. "येवढंच. ती माझी दोस्त हाय, बाई."

"तालमीनंतर तुला परत भेटली?"

"न्हाय."

तेवढं बोलताना त्यानं फोन मांडीखाली सरकवला. पंधरा वर्षं पोरांच्या तंबाखूच्या पुड्या आणि चिठ्ठ्या पकडतेय मी, ती हालचाल मला पाठ आहे. पण पुढं विचारलं तर त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. बाहेरून रतनच्या माणसानं दारावर हात आपटला. "बाई, आटपा. आमालाबी त्याला दोन गोष्टी विचारायच्या हायत."

मी हवालदाराला दाराशी उभं केलं, हलशील तर याद राख म्हणून बजावलं, आणि शाळा गाठली. कारण आणखी एका पोरीला विचारायचं होतं. तेजस्वी ही साक्षीची बदली नटी. साक्षी आली नाही तर भूमिका तिला मिळणार. ती खाडीपासून लांबच्या एका भातवाल्या गावातली, इथं मावशीकडे राहून शिकणारी.

तेजस्वी सभागृहातच सापडली. रंगमंचावर आमची नाटकातली होडी होती, म्हणजे एक मोडकी खरीच होडी अर्धी कापून उभी केलेली. पोरगी तिच्यात गुडघ्यांत मान घालून बसली होती. तिच्या चपला होडीच्या बाहेर नीट जोडीनं ठेवलेल्या. ते मी पाहिलं आणि तेव्हा त्यातलं काहीच माझ्या डोक्यात शिरलं नाही.

"काल सरळ घरी गेले असं तू हवालदाराला सांगितलंस. मासळी विकणाऱ्या येसूबाईनं तुला किनाऱ्यावर पाहिलं."

ती इतकी थरथरली की फळी करकरली. "बाई, मी तिला मारलं."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "कसं?"

"मी देवीला नवस बोलले. साक्षी आजारी पडू दे, मला काम मिळू दे. मग पाण्यात नारळ सोडला." ती हुंदके देत होती. "देवीनं ऐकलं, बाई. देवीनं तिला नेलंच."

मी तिला जवळ घेतलं. नवसानं माणूस मरत असतं तर आमच्या स्टाफरूममध्ये आज कुणी शिल्लक नसतं. पण त्या पोरीची भीती खोटी नव्हती, आणि खोटं बोलण्याचं कारण कळल्यावर माझ्या हातात काहीच उरलं नाही. खिडकीतून खाडी दिसत होती. पाणी धक्क्याच्या पहिल्या पायरीला टेकलं होतं.

३

परत आले तेव्हा अल्पेश धक्क्यावर पेट्रोल भरत होता. हा सोन्याची चेन घालणारा, पर्यटकांना केळ्याच्या बोटीतून पाण्यात पाडणारा माणूस. पण सकाळपासून धंदा बुडवून शोधत होता, तेव्हा मी त्याच्याशी नीट बोलले.

"अल्पेशभाऊ, चपला किनाऱ्यावर कुठं मिळाल्या तुम्हाला? काठावर कुठल्या बाजूला?"

"काठावर कुठं, मॅडम? होडीत होत्या ना. मधल्या फळीखाली, एकाला एक लावून ठेवलेल्या. मीच उचलून वाळूवर आणून ठेवल्या."

"होडीच्या आत?"

"आतच. का हो, काय झालं?"

मी धक्क्यावरच बसले. सगळ्यांनी चपला पाहिल्या त्या वाळूवर, काशीच्या पुढ्यात. होडीत कुणी पाहिल्याच नव्हत्या. काशीनं पाहिल्या असत्या तर तिनं रडणं थांबवून शिव्या घातल्या असत्या.

होडीत चपला घालून कोळ्याचं लेकरू चढत नाही. होडी आमची लक्ष्मी. पाय धुवायचे, चपला काठावर सोडायच्या, मग पाय ठेवायचा. तान्ह्या पोराला कडेवर घेतलं तरी त्याचे बूट काढतात. अल्पेशच्या बोटीत मुंबईची माणसं स्पोर्टशूज घालून नाचतात, त्याला यात वावगं काय दिसणार? पण साक्षी त्या होडीत बसली असती, तर चपला काठावर राहिल्या असत्या. आत मिळाल्या याचा अर्थ त्या दुसऱ्या कुणीतरी ठेवल्या. साक्षी होडीत चढलीच नव्हती.

आणि सगळं गाव समुद्रात तिला शोधत होतं.

आता हे कुणी केलं? कुलदीपनं नाही. तो नाखव्याचा मुलगा, झोपेतसुद्धा होडीत चपला ठेवणार नाही. त्याला खोटा देखावा करायचा असता तर काठावर ठेवल्या असत्या. मग तेजस्वी? ती भातवाल्या गावातली खरी, पण आत्ता नाटकातल्या मोडक्या होडीत शिरतानाही तिनं चपला बाहेर काढल्या होत्या. साक्षीनंच तिला पहिल्या दिवशी दटावून शिकवलं होतं.

आणि मला तालमीतला तो आवाज आठवला. "चपला का काढता रे सारख्या? रंगमंचाला नमस्कार केलात ना, झालं. शिपाई अनवाणी असतो का? घाला बूट."

गणराज सर माणगावकडच्या शेतकरी घरातले, नाटकवेडे. मुलं होडीत शिरताना चपला काढतात ते त्यांनी रोज पाहिलं होतं. त्यांना वाटायचं, मुलं रंगभूमीचा मान राखतात. तो मान होडीचा आहे, हे त्यांनी कधी विचारलंच नाही.

पण नुसत्या चपलांवरून मास्तरांवर बोट दाखवायचं? आणि पोरगी कुठं आहे ते तर यातून कळतच नव्हतं.

४

मी धावत सोसायटीत गेले. "कुलदीप, फोन दे. साक्षी समुद्रात नाही. ती जमिनीवर कुठंतरी आहे आणि तू गप्प बसलास तर मरेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मांडीखालून फोन काढला. "बाई, तिचा आवाज हाय माझ्याकडं. लोक ऐकतील तर बोलतील, यानंच मारलं आनि रेकॉर्ड केलं. ऐकवत न्हाय असा आवाज हाय."

त्यानं बटण दाबलं.

आधी नुसती घरघर. मग साक्षीचा आवाज, खोलातून आल्यासारखा. "मी इथेच आहे." आणि त्यामागून तोच आवाज, कुणी दुसरीच मुलगी चिडवत असल्यासारखा. आहे... आहे... दारातला रतनचा माणूस दोन पावलं मागे सरला.

"हे कुणी पाठवलं?"

"सरांनी, काल सांजच्याला. खाली लिवलेलं, घुमतंय का बघ. नाटकात अंधारकोठडीचा शीन हाय ना, त्याच्यासाठी. मंग रात्री त्यांनी डिलीट केलं. पन माझ्या फोनात आधीच उतरलेलं."

"सर तर म्हणतात, तालीम सुटताच एसटीनं अलिबागला गेलो, कपडे भाड्यानं बघायला. साक्षीला पुन्हा पाहिलंच नाही."

"मंग हे आधीचं असंल, बाई."

"आधीचं असूच शकत नाही." मी स्वतः काल तालमीला होते. ते वाक्य मूळचं होतं, "मी इथेच मरेन." मुख्याध्यापिका काल पहिल्यांदा तालीम बघायला आल्या आणि मुलांच्या तोंडी मरणाची भाषा नको म्हणाल्या. सरांनी नाक मुरडत, तालीम संपता संपता, ते बदलून 'मी इथेच आहे' असं करून दिलं. म्हणजे हा आवाज तालीम सुटल्यानंतरचा होता. सर तेव्हा तिच्यासोबत होते.

"परत लाव," मी म्हणाले.

तो आवाज मला ओळखीचा वाटत होता. साक्षीचा नव्हे, त्यामागचा. दोनदा परत येणारा. लहानपणी आम्ही सगळी पोरं तिथं वाकून आपापलं नाव ओरडायचो. शाळेमागच्या पडीक वाडीतली जुनी बाव, आत उतरायला दगडी पायऱ्या असलेली विहीर. निसर्ग चक्रीवादळात तिच्यावर माड कोसळले, खाडीकडची भिंत तडकली, आणि तेव्हापासून तोंडावर पत्रे टाकून ती बंद केली होती. तिकडे कुणी फिरकत नाही.

आणि त्या तडकलेल्या भिंतीतून उधाणाचं पाणी आत येतं.

मी दाराकडे वळले. "रतनला हाक मारा," मी त्या माणसाला म्हणाले. "दोर घेऊन ये म्हणावं. आणि या पोराला सोडा."

५

वाडीत पाचोळा गुडघ्याएवढा होता. कुलदीप पुढे, मी मागे, त्याच्यामागे रतन खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन. सकाळी ज्याला फाडायला निघाला होता त्याच पोराच्या पावलावर पाऊल टाकून तो चालत होता.

बावेच्या तोंडावर पत्रा होता. इतर पत्र्यांवर वर्षांचा कचरा साचलेला, हा मात्र नुकता ओढलेला, मातीत ताजा ओरखडा उठलेला. कडेला रक्त सुकलं होतं. सरांच्या तळहाताचा रुमाल माझ्या डोळ्यांपुढे आला.

रतननं पत्रा भिरकावला. खाली अंधार, आणि पाण्याचा डुबुक डुबुक आवाज. पाणी चढत होतं.

"साक्षी," मी हाक मारली.

क्षी... क्षी... एवढंच परत आलं.

"साक्षी, मी पीटीच्या बाई."

काही नाही. कुलदीप रडायला लागला. रतन कपाळावर हात मारून कठड्याशी बसला. मीही वाकलेली सरळ झाले होते. उशीर झाला, असं मनात आलं, आणि काशीला जाऊन काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवायला लागले. तेवढ्यात सकाळची ती अडकलेली हाक मला आठवली. दोनदा झाली होती. तिसरी राहिली होती.

मी कठड्यावर आडवी झाले, तोंड आत घातलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडले.

"साक्षी."

घुमणं विरलं. मग खूप खालून, घोगरी, बारीक ओ आली.

रतन आणि कुलदीप दोघंही एकदमच दोरावरून उतरले. ती एका पायरीवर अडकली होती, डावा पाय मोडलेला, पाणी गळ्याशी. दगडातल्या मुळीला तिनं ओढणीनं हात बांधून घेतला होता, झोप लागली तर वाहून जाऊ नये म्हणून. वर आणली तेव्हा तिचे दात इतके वाजत होते की तिला 'आई' एवढंही म्हणता येईना. मी तिला माझ्या अंगाशी लपेटलं आणि कुणाला दिसू नये इतपत रडून घेतलं.

"पहिल्यांदा हाक मारली तेव्हाच ओ का नाही दिलीस गं?"

थोडी ऊब आल्यावर तिचे दात थांबले. "सकाळी दिली होती," ती म्हणाली. "उजाडताना सर आले. त्यांनी साक्षी म्हणून हाक मारली. मी लगेच ओ दिली. मंग त्यांनी पत्रा ओढला."

६

गणराज सर अजून किनाऱ्यावर होते. हातात शाळेचा कर्णा, समुद्राकडे तोंड करून साक्षीच्या नावानं ओरडत होते. मी हवालदाराला घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले.

"सर, सापडली. जिवंत आहे."

ते वळले नाहीत. कर्णा हळूच खाली आला. मी चपलांचं सांगितलं, बदललेल्या वाक्याचं सांगितलं, डिलीट केलेल्या आवाजाचं सांगितलं. ऐकता ऐकता ते वाळूवर बसले. मग एखाद्या पात्राची गोष्ट सांगावी तसे सांगायला लागले.

घुमणारा आवाज हवा होता. साक्षी चपला वर काढून शेवाळलेल्या पायऱ्या उतरली. पहिली ओळ छान झाली, कुलदीपला पाठवली. अजून खाली जा, म्हणून त्यांनी सांगितलं आणि ती घसरली. हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मेली असं वाटलं. चपला उचलून होडीत टाकल्या, दोर सोडला, वर आलेल्या भरतीनं होडी आत नेली. मग सगळ्यांबरोबर रात्रभर शोधायचं सोंग केलं.

"पण सकाळी ती जिवंत होती," मी म्हणाले.

"रात्रभर मी सगळ्यांना सांगितलं होतं, की मी अलिबागला होतो." ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. "बाई, मी तिला काढायलाच गेलो होतो. मेली असली तरी काढायचं ठरवलं होतं. पण तिनं ओ दिली. आणि मला वाटलं, आता ही वर येऊन बोलणार."

हवालदारानं त्यांना उठवलं. मी वाळूवरचा शाळेचा कर्णा उचलला.

सोमवारची स्पर्धा गेली. नाट्यमंडळ आता माझ्या गळ्यात पडलंय. नाटकातलं मला ओ का ठो कळत नाही, पण मुलं सांभाळून घेतात. तेजस्वीनं देवीला दुसरा नारळ सोडला, साक्षीचा पाय बरा व्हावा म्हणून, आणि ते साऱ्या वर्गात सांगितलं. कुलदीपच्या होडीला नवा दोर आहे. तो रतननं आणून दिला.

साक्षी प्लास्टर घेऊन शाळेत आली. पहिल्या दिवशी मी हजेरी घेत होते. तिचं नाव घेतलं. ती समोर बसून माझ्याकडेच बघत होती, पण बोलली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी दुसऱ्यांदा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा.

"ओ," ती म्हणाली.

तेव्हापासून मी हजेरीला तिचं नाव तीनदा घेते. वर्गात कुणी हसत नाही.